फुटाला एक सूत

गेल्या महिन्यात एका ग्रुप शोचा फॉर्म आला. नाव, पत्ता, कामाचा साइझ, मीडियम, किंमत, आणि सगळ्यात खाली एक मोठी चौकट: तुमच्या प्रॅक्टिसबद्दल दीडशे शब्दांत लिहा. आता मी वीसेक वर्षं हेच करतीय, शिल्पं म्हणा, जोडकाम म्हणा, गॅलरीवाले मिक्स्ड मीडिया म्हणतात, पण ह्या चौकटीपाशी आले की दर वेळी माझी गाडी पंक्चर. एकदा "स्मृती आणि अवकाश यांच्यातला संवाद" वगैरे लिहून पाठवलं होतं. छापून आल्यावर मलाच कळेना हे कुणाबद्दल लिहिलंय.

वडगावात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं माझं काम चालतं. बाहेर पाऊस, बेळगावचा जुलैमधला, म्हणजे धो धो नाही पण चार दिवस थांबायचं नाव नाही असला. आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"काय लिहुलीस एवढं?"

"माझी प्रॅक्टिस काय ते विचारलंय."

"प्रॅक्टिस? तू काय डॉक्टर हाईस काय?"

मग म्हणाले, काय करतीस ते सरळ लिही की. लाकूड घेतलं, माती घेतली, असं केलं, तसं केलं. वर्कशॉपात नवीन पोरगं आलं तर आम्ही त्याला असंच सांगत होतो.

तर तेच करून बघतीय. दीडशे शब्दांत बसणार नाही, म्हणून इथं.

आप्पा पॅटर्नमेकर. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पस्तीस वर्षं काढली त्यांनी. पॅटर्नमेकर म्हणजे काय हे बेळगावात सांगावं लागत नाही, गल्लीत एक घर सोडून फौंड्रीचं माणूस सापडतंय, पण पुण्या-मुंबईत सांगावं लागतं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पंप, व्हॉल्व्ह, मोटरीची बॉडी, असलं काही ओतून करायचं तर आधी त्याची लाकडाची हुबेहूब वस्तू करायला लागते. ती बॉक्समधे ठेवून भोवती काळी वाळू ठोकून ठोकून भरायची, मग लाकूड अलगद वर काढून घ्यायचं, की वाळूत मागं राहते त्याच्या आकाराची पोकळी. त्यात वितळलेलं बीड ओतायचं. गार झाल्यावर वाळू फोडली की कास्टिंग बाहेर आणि लाकडाचा पॅटर्न पुसून परत रॅकवर. म्हणजे आप्पांनी जन्मभर ज्या वस्तू केल्या त्यातली एकसुद्धा गिऱ्हाइकाच्या घरी गेली नाही. गेली ती तिच्या पोकळीत ओतलेली दुसरीच.

ह्या सगळ्यात एक गोम आहे. बीड गार होताना आटतं. फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शाळेत कितीही मिलिमीटर शिकवले तरी आमच्याकडं सुतार, गवंडी, फिटर अजून सुतातच बोलतात. तर एक फुटाची वस्तू हवी असेल तर पॅटर्न एक फूट एक सूत करायचा, मग गार झाल्यावर ती बरोबर फुटावर येते. आता प्रत्येक मापाला हा हिशोब करत बसलं तर दिवसात चार चुका होणार, म्हणून पॅटर्नमेकरकडं एक वेगळी स्टीलची पट्टी असते. दिसायला साधीच, बारा इंच लिहिलेले, पण प्रत्यक्षात ती बारा इंच एक सूत भरते, आणि ते जास्तीचं सूत बाराही इंचात सारखं वाटून टाकलेलं असतं. बिडाची पट्टी वेगळी, पितळेची वेगळी, पोलादाची तर फुटाला दोन सूत. दुकानात श्रिंकेज स्केल म्हणतात, आप्पा नुसतं "आटीची पट्टी" म्हणत.

मी सहावीत असताना माझी कंपासमधली पट्टी मोडली आणि मी आप्पांच्या पेटीतली छोटी पट्टी उचलून शाळेत नेली. तिच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, मला वाटलं झकास. भूमितीचा पेपर होता. दहा सेंटिमीटरचा रेख काढला तो दहा सेंटिमीटर एक मिलिमीटर आला, आठचा काढला तो आठाच्या थोडा पुढं. सरांनी स्वतःची पट्टी लावून लावून सहा गणितं चूक दिली आणि वर हातावर दोन छड्या. गंमत अशी की त्रिकोणाचे कोन सगळे बरोबर होते, कारण पट्टी सगळीकडं सारखीच खोटं बोलत होती, पण कोन बघितले कुणी! घरी येऊन रडले तर आप्पांनी आधी पट्टी हातातनं घेतली, पुसली, तेलाचा हात फिरवला आणि पेटीत ठेवली. मग म्हणाले, "अगं ती बिडाची पट्टी हाय. वहीची नव्हे."

फौंड्रीत मी पहिल्यांदा गेले ते डबा द्यायला. तिसऱ्या रेल्वे गेटातनं पुढं आप्पा रोज सायकलवरनं जायचे, त्या दिवशी डबा घरी विसरला. आत सगळं काळं, जमीन काळी, माणसं काळी, वरच्या झरोक्यातनं उन्हाचा पट्टा खाली येतोय आणि त्यात काळी धूळ उडतीय. ओतायचं काम चाललेलं. दोघांनी लांब दांड्याचं लॅडल धरलंय, त्यात पिवळसर पांढरं काहीतरी, त्याच्याकडं बघवत नाही, तेराशेच्या वर तापमान असतं त्याचं हे नंतर कळलं. एका भोकातनं ओततात, आणि दुसऱ्या भोकातनं, रायझरमधनं, ते वर येताना दिसलं की बॉक्स भरला. वर आलं तसा मोल्डिंगवाला मामा ओरडला "साकु! साकु!" साकु म्हणजे कन्नडमधे पुरे. आप्पा मराठी, मोल्डर बहुतेक कन्नड, भट्टीवाला उर्दू बोलणारा, पण ओतताना सगळे "साकु"च म्हणत. भाषेवरनं आमच्या गावात काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते आत्ता उकरत बसत नाही. एवढंच सांगते, माझ्याकडं आप्पांच्या हातचे जे जुने पॅटर्न आहेत त्यांच्यावर इंग्रजी अक्षरात "बेळगाम" उठवलेलं आहे. २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, बाहेरच्या पाट्या बदलल्या, पण लाकडावर शिशाची अक्षरं आप्पांनी डिंकानं आणि बारक्या खिळ्यांनी बसवलेली, ती हलत नाहीत.

हे पॅटर्न माझ्याकडं कसे आले ते सांगते, कारण माझी जी काय प्रॅक्टिस आहे ती तिथनं चालू होते.

मी शिकले कोल्हापुरात. तिथं शिल्पकलेची हवाच वेगळी, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री ही नावं मास्तर लोक घरच्यासारखी घेतात. बेळगावात चित्रकलेचं तसं आहे, के. बी. कुलकर्णी सर आणि त्यांचं चित्रमंदिर म्हटलं की जुनी माणसं खुर्चीत सरळ बसतात, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. शिल्पाला मात्र कोल्हापूर गाठायला लागायचं. तिथं मी शाडूत माणसांची डोकी करायला शिकले. आत लोखंडी सळईचा सांगाडा, त्याला तारेनं लाकडाच्या फुल्या टांगायच्या, त्यांना बटरफ्लाय म्हणतात, त्या नसल्या तर ओल्या मातीचं वजन रात्रीत खाली बसतं आणि सकाळी बघावं तर म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर. मग प्लास्टरचा वेस्ट मोल्ड. मातीवर पहिला थर चढवायचा तो निळीच्या पाण्यात कालवलेल्या प्लास्टरचा, त्यावर जाड पांढरा थर. माती काढून आत परत प्लास्टर भरायचं आणि मग छिन्नीनं बाहेरचा साचा फोडत यायचं. पांढरं फोडताना हात बिनधास्त चालतो, निळं दिसलं की हळू, कारण त्याच्या खाली लगेच नाक आहे. मला सगळ्या शिक्षणात हा निळा थर सगळ्यात जास्त आवडला. तयार डोक्यापेक्षाही जास्त. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, मग तू मोल्डरच हो. ते चेष्टेत म्हणाले होते, मला ते फारसं वाईट वाटलं नाही.

परत आले, चार-पाच वर्षं पुतळ्यांची कामं केली, बस्ट, हार घालायच्या उंचीचे, नातेवाईक फोटो आणून देणार आणि नाक थोडं सरळ करा म्हणणार. पोट भरलं. मग एक दिवस आप्पा घरी आले ते जेवलेच नाहीत. फौंड्रीनं नवीन मशिन घेतलं होतं, आता पॅटर्न कॉम्प्युटरवर काढून अॅल्युमिनियमचे आणि रेझिनचे करणार, माळ्यावरचे जुने लाकडी सगळे काढून टाकणार होते. जळणाच्या भावात. एक हॉटेलवाला टेम्पो घेऊन यायचा होता, भजी तळायला. सागवान होतं हो ते, जुनं सागवान, ज्याच्यात चाळीस वर्षं वाळून वाळून आता आणखी आटायला काही उरलेलं नाही असलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याच्या आधी टेम्पो घेऊन गेले.

उतरवल्यावर आप्पांनी शेडमधे एकेक हातात घेतला. लाल, पिवळा, काळा रंग असतो त्यांना, कुठला भाग ओतल्यावर तसाच राहणार, कुठला लेथवर जाणार, कोअर, म्हणजे आत पोकळ ठेवायला घालायचा वाळूचा गोळा, कुठं बसणार, हे रंगावरनं कळतं. आतल्या कोपऱ्यांत मेण भरून केलेली गोलाई असते, कारण काटकोनात बीड तडकतं. बाजू कधीच सरळ उभ्या नसतात, किंचित उतरत्या, नाहीतर वाळूतनं निघताना कडा मोडतात. हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, लहानपणापासनं बघत असून. डोळे मिटून अंगठा फिरवत आप्पा सांगत होते, हा अमक्या पंपाचा, हा तमक्याचा, हा रद्द झाला होता, हा मी तीनदा केला.

मी त्या लाकडांना जवळजवळ वर्षभर हात लावला नाही. काय करणार? नुसतं भिंतीवर लावलं तर अँटिक दुकान होणार. रंगवलं तर पाप.

सुटलं ते मातीमुळं. खानापूर इथनं पंचवीसेक किलोमीटर, तिथली लाल माती आणि कौलं सगळ्या पंचक्रोशीत गेलेली, ग्रामीण कुंभारकामाची केंद्र सरकारची संस्थासुद्धा खानापुरातच आहे. तिकडच्या एका कुंभार मामांकडं मी माती आणायला जायची. त्यांनी मला पहिल्या दिवशी एक चपटी फरशी थापायला लावली आणि तिच्यावर काडीनं बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारायला लावली. वाळल्यावर मोजली, नऊ पॉइंट चार. भाजल्यावर मोजली, नऊ पॉइंट दोन. म्हणजे शंभराला आठ. मी मोजत असताना एकदम हसायलाच लागले, मामांना वाटलं पोरगीला ऊन लागलं. बिडाच्या आठपट आट! आप्पांच्या हिशोबात सांगायचं तर फुटाला जवळजवळ आठ सूत, म्हणजे इंचभर.

मग मी आप्पांच्या टेम्पोतल्या कोअर बॉक्स काढल्या. कोअर बॉक्स म्हणजे पॅटर्नच्या उलटं, लाकडात कोरलेला खड्डा. कास्टिंगमधे जिथं पोकळ राहायला पाहिजे, समजा पंपात पाण्याची वाट, तिथं ठेवायला वाळूचा गोळा लागतो, तो ह्या पेटीत दाबून करतात. मी त्यात वाळूऐवजी खानापूरची माती दाबली. दोन दिवसांनी ती स्वतःच कडा सोडून सुटी झाली. वाळवली, भाजून आणली, आणि परत त्याच पेटीत ठेवली. आकार तोच, वळण तेच, पण सगळीकडनं जागा सुटलेली. दहा इंचाच्या पेटीत दोन्ही अंगांना तीन तीन सूत. लहान मुलानं बापाचा शर्ट घातल्यासारखं दिसत होतं.

हे जेवढ्या सहज लिहिलंय तेवढं सहज झालं नाही. पहिल्या भट्टीत माझे निम्मे तुकडे फुटले. पावसाळा होता, पंधरा दिवस शेडमधे वाळवले, वरनं खडखडीत, मला घाई. जाड तुकड्याच्या पोटात ओल राहिली की शंभरच्या वर गेल्यावर तिची वाफ होते, पाण्याची वाफ होताना ते सोळाशेपट फुगतं, मग त्याला बाहेर पडायला वाट मिळेल तिथनं ते पडतं. भट्टीतनं फटाक्यासारखे आवाज आले एकामागून एक. मामा बिडी ओढत बसलेले, प्रत्येक आवाजाला बोट मोडत होते, सात मोजले मीसुद्धा. नंतर म्हणाले, "सुकलंय असं तुला वाटलं. मातीला वाटूदे की." आणि गालाला लावून बघायचं शिकवलं. आत ओल असली तर गालाला गार लागतं, हाताला कळत नाही, गालाला कळतं. आणि दुसरं म्हणजे फुटक्या कौलांची पूड मातीत घालायला सांगितली. कौल एकदा भाजून आटून बसलेलं असतं, ते परत आटत नाही, त्यामुळं त्याची पूड घातलेली माती कमी ओढते आणि कमी तडकते. इंग्रजीत ग्रॉग म्हणतात, मामा "भरड" म्हणत. आमच्याच स्वयंपाकघराच्या छपराची फुटकी कौलं कुटून मी घातली. पुढं मी ती भरड कमी-जास्त करून आट ठरवायला लागले, कुठल्या तुकड्याला किती जागा सुटायला पाहिजे ते. मला हवी असते ती जागाच.

त्या जागेत काय घालायचं हे मात्र बरेच दिवस सुचलं नाही. रिकामं ठेवलं तर लोक म्हणायचे, माप चुकलं वाटतं. मग शेजारच्या काकू. आमच्या वडगाव-शहापूरला माग घरोघरी, आमच्या भिंतीपलीकडं दिवसभर खटखट चालू असते, लाइट गेली की अचानक शांत होतं आणि तेव्हा कळतं की आवाज होता. काकूंच्या पॉवरलूमवर कांडी संपत आली की शेवटचं तुटकं सूत काढून पिशवीत टाकतात, ती पिशवी त्या मला देतात, भांडी घासायला घे म्हणून. एकदा चहा पिता पिता ते सूत हातात होतं, समोर पेटीत तो मातीचा तुकडा खुळखुळत होता, आणि मी नुसतं काहीतरी करायचं म्हणून ते भोवती गुंडाळत गेले. फेऱ्यावर फेरे, तीन सूत जागा भरेपर्यंत सूत. मग तुकडा पेटीत घट्ट बसला. आप्पांना दाखवलं तर त्यांना मापातलं सूत आणि मागावरचं सूत ह्यावर काही मौज वाटली नाही, ते म्हणाले, बसलं की. हां, सुतार हा शब्द सूत्रधारावरनं आलाय, दोरी धरून रेघ मारणारा तो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मात्र थोडे खूश झाले.

फॉर्मवर मीडियमच्या रकान्यात मी लिहिते: जुनं सागवान, खानापूरची माती, कौलाची भरड, मागावरचं सूत. हा रकाना मला कधीच जड जात नाही. खरं तर दुसऱ्या शिल्पकारांबद्दल वाचतानासुद्धा मी आधी हाच रकाना वाचते. रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ मधे संथाळ कुटुंब केलं, डोक्यावर ओझं घेऊन चाललेलं, उघड्यावर, ते संगमरवरात नाही की ब्राँझमधे नाही, तिथल्याच जांभ्या दगडाची खडी सिमेंटमधे कालवून. फोटोत जवळनं बघितलं की त्यांच्या अंगावर खडी दिसते, आमच्या खानापूर-जांबोटीच्या रस्त्याकडेला पडलेली असते तसलीच तांबडी. स्वस्त म्हणून घेतली असणार, पण ती माणसं त्या जमिनीतनंच उठून चालायला लागलीत असं वाटतं ते त्यामुळं. कोकणात सासवण्याला करमरकरांच्या घरी सिमेंटची म्हैस बसलीय, पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी ज्यांनी केला तेच करमरकर, आणि मला खरं सांगायचं तर घोड्यापेक्षा म्हैस जास्त भावते. मीरा मुखर्जी शिकून सवरून आल्या आणि बस्तरला घडवा लोकांकडं जाऊन परत शिकायला बसल्या, ते लोक मेणाचे धागे काढून मातीच्या गोळ्यावर गुंडाळतात, मग ते मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी धातू येतो. म्हणजे तिथंही पोकळी, तिथंही धागा. आणि मृणालिनी मुखर्जी, त्या तर दोरी घेऊन नुसत्या गाठीवर गाठ मारत माणसाच्या उंचीच्या देवता करत, आधी स्केच काढायचं नाही, गाठ नेईल तसं. त्या २०१५ मधे गेल्या आणि २०१९ मधे न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमधे त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मी काकूंना फोनवर फोटो दाखवले. काकू झूम करून करून गाठी बघत होत्या, मग म्हणाल्या, "बोटं सोलली असतील हो बाईची."

ह्याला म्हणतात बघणं. दीडशे शब्दांत कुणी एवढं लिहीत नाही.

आप्पांचंही तसंच. त्यांना मी एकदा किल्ल्यात कमल बस्ती दाखवायला नेलं. जन्म बेळगावात गेला पण आत कधी गेले नव्हते, बाहेरनं बसनं जायचे. १२०४ सालचं जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातलं, आत काळ्या दगडातले नेमिनाथ, आणि मंडपाच्या छताला मधोमध दगडाचं कमळ उलटं टांगल्यासारखं, पाकळीखाली पाकळी, पाकळीखाली पाकळी. मी त्यांना राजाचं नाव, मंत्र्याचं नाव वगैरे सांगत होते. ते मान वर करून उभे. बराच वेळ. शेवटी म्हणाले, "अंडरकट हाय सगळं. वाळूतनं निघायचं नाही." म्हणजे पाकळ्या आत वळलेल्या असल्यामुळं ह्याचा लाकडी पॅटर्न केला तर तो वाळूतनं वर उचलताना वाळू फोडून येणार. मग थोड्या वेळानं, "सुट्टे तुकडे करून काढायला लागतील. निदान सोळा." बाहेर येऊन चप्पल घालताना परत, "सोळात पण नाही व्हायचं." कमल बस्तीवर मी जे काही वाचलंय त्यात हे एक वाक्य मला सगळ्यात खरं वाटतं, आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी आप्पा धंद्यातलं बोलत होते.

गेल्या वर्षीचा घोटाळाही सांगून टाकते, कारण तो माझाच. चाळीस पेट्या एका फळीवर बसवून पाच फूट उंचीचं एक काम केलं होतं, ते बाहेरगावी पाठवायचं होतं. मी माप घेतलं, फॉर्मवर लिहिलं, तेच माप आमच्या सुताराला दिलं खोकं करायला. खोकं आलं, काम त्यात जाईना. पाच सूत कमी. मी सुताराला चार शब्द ऐकवले, वर पाऊस, वर ट्रान्सपोर्टवाला बाहेर हॉर्न मारतोय. सुतारानं मुकाट्यानं स्वतःची टेप काढली, खोकं मोजलं, मी दिलेल्या मापाला तंतोतंत. "मापं तुमचीच हाईत बाई." मग त्यानं काम मोजलं. मग आम्ही दोघांनी मी वापरलेली पट्टी बघितली. आप्पांची दोन फुटी, बिडाची. पाच फुटाला पाच सूत, चोख. सहावीतल्या छड्या आठवल्या. सुताराची माफी मागितली, जास्तीचे पैसे दिले, आणि त्यानं खोक्याच्या एका बाजूला सुताराच्या भाषेत ठिगळ मारून दिलं. ती पट्टी आता मी लाल रिबिन बांधून वेगळी ठेवलीय. तरीपण परवा आप्पांनी तिच्यानं खिडकीच्या जाळीचं माप काढलं, जाळी बसली नाही ते सांगायला नकोच.

तर ह्या वेळच्या शोसाठी नवीन काम तयार होतंय, चोवीस पेट्यांचं. काल दुपारी पाऊस जरा थांबला होता. आप्पा खुर्चीवरनं उठून आत आले, चष्मा पुसला, आणि फळीसमोर उभे राहिले. ते माझ्या कामावर कधी काही बोलत नाहीत, छान नाही की वाईट नाही, त्यामुळं मी सूत गुंडाळत बसून राहिले. ते एकेका पेटीवरनं अंगठा फिरवत खालच्या रांगेपर्यंत आले आणि तिथं थांबले.

"ह्या दोन एकाच पंपाच्या हाईत."

"असतील की."

"ही डावी, ती उजवी. तू उलट्या लावलीस."

मी म्हटलं, आप्पा, ते आता पंप नाहीये.

"नसूदे. पण पाणी कुठनं येणार मग?"

मी बघितलं. एकीची वाट उजवीकडं तोंड करून संपत होती, दुसरीची डावीकडं, दोघींच्या पाठी एकमेकींना लागलेल्या. आठ दिवस मी रोज समोर बसत होते. स्क्रूड्रायव्हर घेतला, आप्पांनी पेट्या खालनं धरल्या. काढताना दोन्हींचं सूत सैल झालं, ते सगळं उलगडून परत गुंडाळायला लागलं, त्यात संध्याकाळ झाली आणि काकूंचा माग बंद झाला.